‘पुढं?’ म्हणल्याशिवाय न बोलणारे आमचे सर

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून माझा जेवढा छळ एका माणसानं केलाय, तेवढा बाकी सगळ्यांनी एकत्र येऊनसुद्धा केला नसता. आणि चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे तो माणूस माझ्यावर आजवर एकदाही ओरडलेला नाही. ते म्हणजे आमचे पायथनचे सर. पायथन ही कॉम्प्युटरला कामाला लावायची भाषा, पण आमची आई अजूनही ‘सापाचा क्लास’ म्हणते आणि शेजाऱ्यांनाही तसंच सांगते. तर या सरांची खोड अशी, की ते एक वाक्य बोलतात आणि थांबतात. थांबतात म्हणजे पूर्ण थांबतात. चेहरा शांत, खडू हातात, नजर तुमच्यावर. तुम्ही ‘पुढं?’ म्हणालात तर दुसरं वाक्य मिळणार. नाही म्हणालात तर सर तसेच उभे, अगदी एसटी यायची वेळ होईपर्यंत. मी लहानपणापासून नकला करतो. आमच्या शाळेचे हेडमास्तर, भोर गाडीचा कंडक्टर, लग्नात माइक सोडत नाही तो किकवीचा काका, सगळ्यांचे आवाज माझ्याकडं तयार आहेत. पण सरांच्या नकलेला आवाज लागतच नाही. नुसतं गप्प बसावं लागतं. माझ्यासारख्याला गप्प बसायला लावणारा माणूस मला आवडावा तरी कसा?

पहिला दणका बसला तो फोनवर. बीसीएस करून मी घरी बसलेलो, म्हणून आईनं भोरच्या क्लासला घातलं. तिसऱ्याच दिवशी पावसाचं वातावरण होतं, म्हणून आईनं सरांना फोन लावला. “सर, क्लास हाय का आज?” पलीकडून उत्तर आलं, “क्लास हाय.” आईनं फोन ठेवला, मला डबा दिला आणि मी किकवीवरून गाडी मारत भोरला पोचलो. वर जाऊन बघतो तर टायपिंगचा क्लास चाललेला. सर खाली चहाच्या टपरीवर बसलेले. मी म्हणलं, “सर, तुमी तर म्हणालात क्लास हाय!” सर म्हणाले, “हाय की.” आणि थांबले. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, मी नुसता बघत राहिलो. शेवटी टपरीवाल्यालाच माझी दया आली. तो म्हणाला, “आरं, ‘पुढं’ म्हण.” मी म्हणलं, “पुढं?” सर म्हणाले, “पण आज माझा न्हाई.” हे दुसरं वाक्य त्यांच्याकडं सकाळपासून तयार होतं! आईनं विचारलं नाही म्हणून त्यांनी दिलं नाही! मी भिजत घरी आलो आणि आईला म्हणलं, इथून पुढं त्या माणसाला फोन केलास तर शेवटपर्यंत ‘पुढं, पुढं’ करत राहा, जोवर ते ‘झालं’ म्हणत नाहीत तोवर ठेवायचा नाही. आई म्हणाली, “आजारी हायत का काय रं?”

आजारी नव्हते. डोकं तर असं तल्लख, की त्याचाच जास्त राग यायचा. एकदा फंक्शन, म्हणजे कॉम्प्युटरला एक काम नेमून देणाऱ्या ओळी, सांगता सांगता त्यांची वेल्ह्याकडची गाडी लागली. सर एक पाय पायरीवर ठेवून मला म्हणाले, “फंक्शन जिथं थांबतं…” आणि दार बंद. हे एकच वाक्य त्यांनी आयुष्यात अर्धं सोडलं असेल, आणि तेही कंडक्टरनं ओढून घेतलं म्हणून. मध्ये सणाची सुट्टी आली, सरांकडं भात काढणी चालू झाली, आठ-दहा दिवस गेले. नंतर मी नसरापूरला मावशीकडं गेलेलो, तिथं बाजारात सर कोथिंबीर घेत होते. मी गंमत म्हणून मागनं जाऊन म्हणलं, “पुढं?” वळूनसुद्धा न बघता ते म्हणाले, “…तिथूनच परत उठतं. पयल्यापासून सुरू करत न्हाई.” कोथिंबीरवाल्या बाईंनी आमच्या दोघांकडं असं बघितलं, की मी जुडी न घेताच पुढं सटकलो.

क्लासमध्ये सरांना कुणाचं नाव माहीत नव्हतं. ते गावावरून हाक मारत. मी ‘किकवी’. पहिल्या बाकावरची हुशार पोरगी ‘उत्रोली’. सारोळ्याचे दोन सख्खे भाऊ होते, त्यांचं ‘सारोळे थोरलं’ आणि ‘सारोळे धाकटं’. भोर शहरातली पोरं मात्र ‘भोर एक’ ते ‘भोर पाच’, आणि या पाच जणांना त्याचा जो अपमान वाटायचा तो बघायला मी लवकर येऊन बसायचो. सर मवाळ माणूस, पण एका गोष्टीवर भडकायचे: कुणी सगळं एकदम मागितलं की. कुणी अख्खी फाईल वाचून लिस्टमध्ये भरली की त्यांचा चेहरा असा व्हायचा जणू त्यांच्या भाताच्या खाचरातनं कुणी गाडी घातलीय. “सगळ्या ओळी एकदम उचलल्यास? तुला एका टायमाला किती लागतात?” “एक, सर.” “मंग बाकीच्या काय उशाला घेऊन झोपतोस?” आमच्या क्लासचे कॉम्प्युटर इतके म्हातारे होते, की मोठी फाईल उघडली की पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा आणि स्क्रीन गोठायची. सर मशिनवर हात ठेवून म्हणायचे, “ह्याला दम लागतो. तुमाला लाज वाटत न्हाई.”

इटरेटर म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला फळ्यावर शिकवलंच नाही. पुतणीच्या लग्नाला आख्ख्या बॅचला बोलावलं, आणि आम्ही आपले आनंदानं नटून वेल्ह्याच्या पुढं त्यांच्या गावाला गेलो, तर मांडवात पोचल्या पोचल्या प्रत्येकाच्या हातात बादली! मला आमटी, सारोळे थोरल्याला भात. पंगत बसली. मी वाढत चौथ्या पानापाशी आलो, आणि सर मध्येच उभे राहून म्हणाले, “थांब किकवी.” मी थांबलो. “ही पंगत म्हणजे लिस्ट. बसलीय तिथं बसलीय. तू इटरेटर. पंगतीत किती पानं हायत तुला माहीत हाय?” मी म्हणलं, “न्हाई.” “माहीत असायला लागतं?” “न्हाई.” “मंग तुला काय ध्यानात ठेवाय लागतं?” उत्रोली पलीकडून म्हणाली, “सर, कुठवर आलो ते.” “बरोबर. आणि तुला येतं एकच काम.” सर थांबले. आम्ही सगळे ओरडलो, “पुढं?” “पुढचं पान. एवढंच. आता बघा, सारोळे बाराव्या पानावर, किकवी चौथ्यावर. एकाच पंगतीत दोन वाढपी. एकाचं ध्यान दुसऱ्याला लागत न्हाई. कुणाचं कुणाशी भांडान न्हाई.” चौथ्या पानावर नवरीचे मामा बसलेले. ते म्हणाले, “भांडान आता व्हईल! गुरुजी, हा तुमचा कोण तो, पाच मिनटं झाली डाव हवेत धरून हुबा हाय. ह्याला पुढचं पान दाखवायच्या आधी माझ्या पानात आमटी तरी सोडा की!” अख्खा मांडव हसला. सरांनी मान डोलावली, मला खूण केली. मी आमटी सोडली आणि मामांच्या नव्या धोतरावर पण थोडी सोडली. शेवटचं पान झाल्यावर सरांनी परत गाठलंच. “पानं संपली की वाढपी काय करतो?” मी वैतागून म्हणलं, “झालं म्हणतो!” “हां. आणि फॉर लूप, म्हणजे वाढप्याला ‘पुढचं, पुढचं’ म्हणत राहणारा, तेवढं ‘झालं’ ऐकतो आणि गप उठून जातो. बोंबलत न्हाई. भांडत न्हाई. जणू काय कधी आलाच नव्हता.” हे वाक्य तेव्हा मी नीट ऐकलं असतं तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण मी बोटाला बसलेला चटका चोखत होतो.

जनरेटर शिकवला तो मात्र क्लासमध्ये. सर म्हणाले, वाढप्याच्या बादलीत सगळं आधीच शिजवून भरलेलं असतं. पण बादलीच नसली तर? “चुलीपुढं बसलेली आई आठवा. तुमी ‘दे’ म्हणता, ती एक भाकर थापून देती. चाळीस भाकरी आधी थापून ढीग लावत न्हाई. रिटर्न म्हणजे काय? तिनं भाकर दिली, हात धुतले, चूल विझवली, उठली. यील्ड म्हणजे काय?” आम्ही म्हणलं, “पुढं?” “भाकर दिली आणि हात पिठातच ठेवून बसली. परात तिथंच, तवा तापलेला, किती पीठ उरलं ते तिच्या ध्यानात. ‘दे’ म्हणलं की हात तिथनंच चालू.” भोर तीन म्हणाला, “सर, मग जनरेटर फंक्शनला हाक मारली की पहिली भाकरी लगेच मिळणार?” सरांना हा प्रश्न इतका आवडला की ते खडू खाली ठेवून त्याच्याजवळ गेले. “न्हाई! हितंच समदी फसतात. हाक मारली की ती नुसती परात घेऊन बसती. पयलं ‘दे’ म्हणल्यावर पयला हात हालतो.” मला अचानक लक्षात आलं, की हा माणूस जनरेटर शिकवत नाहीये, हा स्वतःच जनरेटर आहे. मी तसं मागच्या बाकावर कुजबुजलो आणि सगळी रांग तोंडात रुमाल कोंबून बसली. सर तोवर फळ्यापाशी जाऊन म्हणाले, “आणि खाल्लेली भाकर परत येत न्हाई.” आणि थांबले. नेमकी लाईट गेली. पोरं दप्तरं उचलून जिन्यानं खाली. ‘पुढं’ कुणीच म्हणालं नाही. सर अंधुक खोलीत खडू धरून उभेच होते, मी जिन्यातनं वळून बघितलं तेव्हा.

माझी नक्कलही त्यांनी एकदा पकडली. मी टेबलावर उभा राहून, खडू धरून, “क्लास हाय” असं म्हणून दोन मिनिटं गप्प उभा होतो, आणि पोरं लोळत होती. दारात सर! सगळे गार. सर म्हणाले, “बरं करतोस.” आणि थांबले. न विचारून जायचं कुठं? मी मेलेल्या आवाजात म्हणलं, “पुढं?” “थांबतोस कमी.” बास. दुसरा कुणी असता तर बाहेर काढला असता. यांनी तालीम दिली.

आता ज्यांच्यामुळं माझं रक्त खऱ्या अर्थानं उकळतं, ते क्लासचे मालक. सगळं जग त्यांना एका घासात पाहिजे. दारावर ‘तीन महिन्यांत संपूर्ण’ अशी पाटी, आणि आमच्या सरांना दोन महिने एकाच धड्यावर बघून ते आतल्या आत जळायचे. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्रं द्यायचा कार्यक्रम ठरला. मालक आमच्यासमोरच सरांना म्हणाले, “सर, पालक येणार, पाहुणे येणार. हे तुमचं थांबणं-बिंबणं तिथं नको. कार्यक्रम नीट झाला तर पुढची बॅच तुमची. नाहीतर मला दुसरं बघावं लागेल.” सर म्हणाले, “नीट व्हईल.” पुढची बॅच गेली तर सरांना शिकवायला दुसरी जागा नव्हती, भोरमध्ये पायथन शिकवणारा तेवढा एकच क्लास होता, आणि सरांना शेतापेक्षा खडू जास्त प्यारा होता हे त्यांच्या शेताकडं बघूनही कळायचं.

ठरलं असं, की पडद्यावर एकेक विद्यार्थ्याचा फोटो आणि नाव येणार, तो वर जाणार, पाहुणे प्रमाणपत्र देणार. मालकांनी आधी सगळे फोटो एकदम भरून बघितले, मशीन गोठलं. मग सरांनी जनरेटर लिहिला. एक फोटो उघडायचा, दाखवायचा, थांबायचा, मग दुसरा, आणि सगळे संपले की शेवटी आभाराची पाटी. काय सुंदर चालत होता! म्हाताऱ्या मशिनला घामसुद्धा आला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मंगल कार्यालय भरलं. उत्रोलीची आई नवीन साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेली. सरांनी मशीन लावलं, जनरेटर तयार करून ठेवला, म्हणजे परात घेऊन बसवला, आणि मला म्हणाले, “हितं बस. कशाला हात लावू नको.” आणि एक्स्टेन्शन बोर्ड आणायला खाली गेले.

तेवढ्यात मालक धावत आले. “अरे, एकूण किती मुलं आहेत? पाहुण्यांना भाषणात सांगायचंय. लवकर, लवकर!” मी कॉम्प्युटरला विचारलं, किती? त्यानं एरर दिला. जनरेटरला स्वतःलाच माहीत नसतं पुढं किती आहेत. पण मी हुशार ना! मी सगळा जनरेटर लिस्टमध्ये ओतला. मशीन गोठलं, पंखा गिरणीसारखा वाजला, मग कसंबसं सुटलं आणि आकडा मिळाला: चौसष्ट. मोजलं आणि लिस्ट टाकून दिली. मालक खूश होऊन गेले. मी पण खूश. चौसष्टच्या चौसष्ट भाकरी मोजायच्या नादात खाऊन टाकल्या होत्या, आणि मला ढेकरसुद्धा आली नव्हती.

सर आले. पाहुणे पहिलं प्रमाणपत्र हातात धरून, फोटोसाठी हसू लावून जिन्याकडं तोंड करून उभे राहिले. सरांनी बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर मोठ्ठ्या अक्षरांत आलं: ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’. खाली जोडलेल्या हातांचं चित्र. लूप आला, ‘झालं’ ऐकलं, गप उठून गेला. एरर नाही, बोंब नाही, काही नाही. लोकांना वाटलं कार्यक्रम संपला. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “लई सुटसुटीत झालं बरं का! चला, पानं मांडलीत.” पाहुण्यांचं हसू तसंच, हात तसाच पुढं, समोर जिना रिकामा. आणि पहिल्या रांगेतून उत्रोलीच्या आईचा आवाज आला, “आवं, आन् आमच्या पोरीचं नाव?”

मालक लालबुंद. “हे काय चाललंय?” सरांनी एकदा पडद्याकडं बघितलं, आणि एकदा माझ्याकडं. मग म्हणाले, “चूक काय झाली ते मला कळलंय.” आणि थांबले.

ती शांतता मी शंभर वेळा टेबलावर उभं राहून केली होती. त्या सबंध कार्यालयात ती ओळखणारा, ती कशी उघडायची ते माहीत असणारा मी एकटा नव्हतो. आमची अख्खी बॅच होती. पण सर्वात जवळ मी होतो. सर एकेकाकडं बघत होते. एक शब्द पाहिजे होता. तो माझ्या जिभेवर होता. आणि मी तो गिळला, कारण मला वाटलं, पुढचं वाक्य आहे: ‘किकवीनं मोजलं.’ मालक म्हणाले, “तुम्हाला कळून काय उपयोग!” आणि त्यांनी प्रोजेक्टरची वायर उपटली. मग कागदावरनं नावं वाचली. निम्मी चुकीची वाचली. शेवटी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, “पुढच्या बॅचचं राहू द्या.” सर म्हणाले, “बरं.” आणि परत थांबले. त्याचंही पुढचं कुणी विचारलं नाही. सर न जेवता वेल्ह्याच्या गाडीला गेले.

नवीन सर आले, आणि पुढच्या कोर्सला आमची बॅच त्यांच्यापुढं बसली. ते दिवसाला शंभर स्लाईड दाखवत आणि एकही थांबत नसे. मी कधी ‘पुढं’ म्हणालो तर ते म्हणायचे, “पुढंच चाललोय ना!” मला इतका राग यायला लागला, की कुणावर येतोय तेच कळेना. मालकांवर? त्यांनीच तर ‘किती’ विचारलं. सरांवर? एवढं चौसष्ट पोरांसमोर उभं राहून एक जास्तीचं वाक्य बोलायला काय जीभ झिजणार होती का? पण रागाचं मूळ उत्रोलीनं दाखवलं. एके दिवशी जिन्यात अडवून म्हणाली, “तूच मोजलंस ना रे? मी तुझ्या मागंच उभी होते.” मी म्हणलं, “मग बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “तू बोलशील म्हणून थांबले. थांबायला सरांनीच शिकवलंय.” आणि निघून गेली. हिच्या आईसमोर हिचं नाव चुकीचं वाचलं गेलं होतं, त्यामुळं मला उलट बोलायला तोंड नव्हतं.

त्याच दिवशी मालकांपुढं उभा राहिलो. म्हणलं, “साहेब, त्या दिवशी नावं मी संपवली. मोजताना. तुम्हीच विचारलं होतं, किती.” मालक म्हणाले, “मग तेव्हाच का नाही बोललास?” आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, न ठरवता, हुबेहूब सरांच्या आवाजात गेलं, “तुमी विचारलं न्हाई.” मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण मालक बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. नवीन सर तसेही पुण्याला निघालेलेच होते. शेवटी म्हणाले, “विचारून बघ त्यांना. येतात का.”

लावणीचे दिवस होते. मी गाडी मारत सरांच्या गावाला गेलो. सर बांधावर उभे, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, शेजारी रोपांच्या जुड्यांचा ढीग. खाचरात सरांची बायको, म्हणजे काकू, आणि चार बाया वाकून लावत होत्या. कुणी “जुडी!” म्हणालं की सर एक जुडी उचलून बरोब्बर तिच्यापुढं टाकत. एकच. बाकीच्या शेतात लोक जुड्या आधीच विखरून ठेवतात, लावणारी आपल्या हातानं उचलते. हितं प्रत्येक जुडीला हाक. काकू मला बघून कंबर धरत उभ्या राहिल्या. “बघा बाई तुमी तरी! दरसाल म्हणते, टाका धा-पंधरा एकदम, तर ऐकतील तर शपथ! आमचा जीव ‘जुडी, जुडी’ करण्यात चाललाय.” सर म्हणाले, “चिखलात पडून मोडतात.” आणि थांबले. काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, “मी न्हाई विचारत पुढं. मेले तरी.”

मी बांधावर जाऊन उभा राहिलो. काय काय तयार करून आलो होतो, माफी, कबुली, सगळं पाठ. पण तोंडातून एकच शब्द निघाला. “पुढं?”

सरांनी कुठलं ते विचारलं नाही. “परात तिथंच असती,” ते म्हणाले. “नवं पीठ घ्यायचं. फंक्शनला परत हाक मारायची, नवा जनरेटर मिळतो. पयल्या नावापासून सगळी येतात. एका ओळीचं काम होतं.”

मी म्हणलं, “एवढंच?”

“एवढंच.”

“म्हणजे त्या दिवशी तुमी माझं नाव घेणार नव्हता?”

“तुझं नाव कशाला? चूक काय ते म्या सांगत होतो. कुणाची ते कुणी विचारलं?”

मी इतका तापलो, इतका तापलो, की माफी मागायची राहूनच गेली. मी बांधावर उभा राहून सरांवर ओरडलो. म्हणलं, एक ओळ! एका ओळीत सगळी नावं परत आली असती! उत्रोलीची आई तिथं बसली होती! पाहुणे हात पुढं करून उभे होते! तुमची बॅच गेली, सर, आणि तुमी एक ओळ बोलला न्हाई, का तर आमच्यातल्या कुठल्या गाढवानं ‘पुढं’ म्हणलं न्हाई म्हणून? सर शांतपणे ऐकत होते. खाचरातून हाक आली, “जुडी!” त्यांनी जुडी टाकली. मग म्हणाले, “ज्याला पायजे नसतंय त्याच्यावर वतलं की सांडतं, किकवी.” आणि थांबले. मी काही विचारलं नाही. मला तेवढंच पुरेसं झालं होतं. खाली बसलो, चिखलात, चांगली पॅन्ट घालून.

थोड्या वेळानं मी मालकांचा निरोप सांगितला. या म्हणतायत, म्हणलं. नवीन बॅच आहे. सरांनी ढिगातली एक जुडी उचलून सारखी केली. मग म्हणाले, “येईन.”

आणि थांबले.

मला ‘क्लास हाय’ आठवलं. भिजलेला मी, टपरी, आणि ‘पण आज माझा न्हाई’. येईनच्या पुढं काय वाट्टेल ते असू शकत होतं. पण एकदा न विचारल्याची किंमत या माणसानं भरली होती. मी विचारलं, “पुढं?”

“लावणी झाल्यावर.”

आणि सर परत थांबले. माझ्याकडं बघत. अजून काहीतरी होतं, मला दिसत होतं. मी गाडीची किल्ली हातात घेतली आणि ते तिथंच राहू दिलं. या वेळी भीतीनं नाही, मुद्दाम, परत यायला निमित्त राहावं म्हणून. संपलेल्या जनरेटरकडं परत जायला कुणाला काय कारण उरतं?

आता भात पोटरीला आलंय, म्हणजे कणसं धरायला लागलंय; लावणी कधीच झाली, सर अजून आले नाहीत. क्लासमधल्या सरांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही; नवीन पोरांना मीच पंगत समजावून सांगतो, आणि मध्येच थांबलो की ती माझ्याकडं ‘ह्याला काय झालं’ असं बघतात. अजून त्यांना विचारायचं कळत नाही. परवा रविवार आहे. आईला सांगून ठेवलंय, मी वेल्ह्याकडं जातोय, उशीर होईल. जाऊन त्याच बांधावर उभा राहणार आणि तो एक शब्द म्हणणार. आणि या वेळी त्यांनी परत अर्ध्यात थांबायचं ठरवलं, तर थांबू देत. थांबायला मलाही आता नीट यायला लागलंय.